सहासष्टच्या मस्टँगमध्ये मोठं इंजिन : 351, 347 की 390?

1966 ची फोर्ड मस्टँग घेतली, गंज काढून रंगही देऊन झाला, की पुढचा किडा वळवळायला लागतो: इंजिन मोठं टाकूया का? माझ्यासारख्या डेट्रॉइटजवळ राहणाऱ्याला ऑगस्टमध्ये तिथल्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची रांग बघितल्यावर तो आवरतच नाही.

सगळ्यात आधी चॅसिस क्रमांकातलं पाचवं अक्षर वाचा. ते 'के' असेल तर तुमच्याकडे 271 अश्वशक्तीचं मूळ 289 आहे (289, 351 हे आकडे इंजिनाचा आकार घनइंचांत सांगतात). बॉनेट बंद करा आणि गाडी आहे तशी ठेवा. 'सी' किंवा 'ए' असेल, म्हणजे 200 किंवा 225 अश्वशक्तीचं 289, तर पुढे वाचा.

आता टेप घ्या. या गाडीत पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे शॉक टॉवर, म्हणजे स्प्रिंग झाकणारे पत्र्याचे उंचवटे, इंजिनाच्या खोलीत चांगलेच आत आलेले असतात. 289 त्यांच्यामध्ये बेताने बसतं, शेजारी जेमतेम हात जातो. सगळा निकाल त्या अरुंद जागेत लागतो. अश्वशक्तीचे आकडे नंतर बघू.

351 विंडसरबद्दल कोणीही सांगेल, "अरे, बसतंच ते." अर्धं खरं आहे. 1969 मध्ये आलेलं हे इंजिन 289 चं थोरलं भावंडच. माउंट तेच, गिअरबॉक्सला जोडणारं बेलहाउसिंग तेच. पण ब्लॉक सुमारे सव्वा इंच उंच आहे, आणि व्ही इंजिनाचा ब्लॉक उंच झाला की दोन्ही हेड बाहेरही सरकतात. मग एक्झॉस्ट टॉवरला घासतो आणि या अदलाबदलीसाठीच बनवलेले हेडर, म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्या, घ्यावे लागतात. जुना इनटेक मॅनिफोल्ड चालत नाही, डिस्ट्रिब्यूटर चालत नाही, आणि एअर क्लीनर बॉनेटला टेकतोय का ते बघण्यासाठी वर मळलेल्या पिठाचा गोळा ठेवून बॉनेट हळूच लावावं लागतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, तोही वेगळा: 289 चा 1-5-4-2-6-3-7-8, याचा 1-3-7-2-6-5-4-8. मित्राच्या 351 वर मी सवयीने जुन्या क्रमाने वायरी लावल्या. इंजिनाने कार्बोरेटरमधून असा ठसका दिला की शेजारी बाहेर आले.

याउलट 347 हे बाहेरून 289 सारखंच दिसतं. 289 च्याच कुळातल्या 302 चा ब्लॉक घ्यायचा, सिलिंडर 30 थाऊ (इंचाचे हजारांश) मोठे करायचे, आणि 3 इंचांऐवजी 3.4 इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनला जास्त लांब हलवणारा, क्रँक टाकायचा. 4.7 लिटरच्या जागी 5.7 लिटर मिळतात. वजन, रुंदी, हेडर, सगळं जवळपास पूर्वीचंच. चांगली हेड्स लावली तर साडेतीनशे ते चारशे अश्वशक्ती निघते. खर्च मात्र मशीन शॉपमध्ये होतो आणि तिथे चालढकल नको. 1981 पासूनच्या 302 चं बॅलन्स, म्हणजे क्रँकच्या दोन टोकांवरच्या चाकांनी साधलेला समतोल, 50 औंसांचं, त्याआधीचं 28 चं. क्रँकला कोणतं लागतं ते विचारून त्याच आकड्याचे डॅम्पर आणि फ्लायव्हील घ्या, नाहीतर गाडी उभ्या उभ्या थरथरते. आणि पाचशे अश्वशक्तीच्या आसपास पोचलात तर हा ब्लॉक मधोमध चिरू शकतो. तेवढी ताकद हवीच असेल तर 351 चा ब्लॉक बरा.

390 चं काय? सहासष्टमध्ये विसरा. हे इंजिन मावावं म्हणून फोर्डने स्वतःच 1967 ची मस्टँग रुंद केली. तुमची गाडी सदुसष्टची असेल तर बसेल. कंपनीने तेव्हा 320 अश्वशक्तीचं दिलंही होतं. पण 289 सुमारे 460 पौंडांचं आणि हे साडेसहाशेच्या घरातलं. सगळा भार नाकावर. गाडी सरळ छान पळते, वळणावर हट्टी बैलासारखी बाहेर ओढते. प्लग बदलणं तर शिक्षाच. पुढे बॉस 429 हे त्याहून मोठं इंजिन मस्टँगमध्ये बसवताना फोर्डलाही कार क्राफ्ट या कंपनीकडून टॉवर सरकवून घ्यावे लागले आणि बॅटरी डिकीत गेली. टॉवर कापून सस्पेन्शनच बदललं तर फोर्डचं आजचं कोयोटी व्ही-8 ही मावतं, पण मग ती सहासष्टची मस्टँग राहिली का, हे तुम्हीच ठरवा. मी कापणार नाही.

कोणतंही इंजिन घ्या, ब्रेकचे पैसे आधी बाजूला काढा. बहुतेक गाड्यांना पुढे ड्रमच आहेत. डिस्क लावल्याशिवाय जास्तीची अश्वशक्ती रस्त्यावर आणू नका. मागचा 8 इंची अ‍ॅक्सल बेताच्या 347 ला पुरतो. चिकट टायर आणि 351 असेल तर 9 इंची शोधा.

माझ्या गाडीत 347 आहे. वुडवर्डवर कोणी बॉनेटमध्ये डोकावून विचारतं, "289 च ना?" मी हो म्हणतो.