पैठणला एसटीनं की गाडी करून?

मावशी, संभाजीनगरहून पैठण जेमतेम ५० किलोमीटर, म्हणूनच तुमचं होय-नाही चाललंय. पैशाचं म्हणाल तर एसटीला तोड नाही: आपल्या बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्या काकांना तर फुकटच. पण खरी दमछाक पैठणात उतरल्यावर. गोदाकाठी नाथांची समाधी, मग पैठणीचे माग, मग नाथसागर. दर वेळी रिक्षा शोधा. मागच्या उन्हाळ्यात घाटाच्या तापलेल्या पायऱ्या अनवाणी चढताना आईचे तळवे पोळले, तेव्हा गाडीतलं गार पाणी अमृत वाटलं. गाडी ठरवताना मात्र थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या.

नुसतं समाधीचं दर्शन असेल तर एसटी. काकांचे गुडघे सांभाळून मागावर काठाचा मोर उमटताना निवांत बघायचा असेल, तर गाडीच करा.