१.१.१.३ फॅमिली डीएनएस, सहा महिने वापरल्यावर

क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीचं १.१.१.३, म्हणजे पॉर्न साइट अडवणारं फिल्टर, फोनवर लावून सहा महिने झाले, म्हटलं आता नीट लिहावं, कारण पॉर्नचा विषय निघाला की लोक एकतर चेष्टा करतात नाहीतर प्रवचन देतात आणि ज्याला खरंच कमी करायचंय त्याच्या हाती काहीच लागत नाही.

हे अ‍ॅप नाहीये. एप्रिल २०२० मध्ये आलेली फुकट सर्व्हिस आहे. आपण साइट उघडायला गेलो की फोन आधी डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला, तो पत्ता विचारतो, आणि हा डीएनएस पॉर्न साइटचा खरा पत्ता देतच नाही. १.१.१.२ नुसतं मालवेअर (फोनला घातक सॉफ्टवेअर) अडवतं, १.१.१.३ मालवेअर आणि पॉर्न दोन्ही. अँड्रॉइड ९ पासून पुढे सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं, तिथे त्यांचं फॅमिलीवालं नाव टाकलं की वायफाय आणि डेटा दोन्हीवर चालू, पाच मिनिटांचं काम.

याआधी मी पैसे भरून एक ब्लॉकर घेतला होता, नाव नाही लिहीत. त्यात किती दिवस पाळलं त्याचा आकडा यायचा आणि एकदा चुकलं की सरळ शून्य. ते शून्य बघून इतकं वाईट वाटायचं की आता गेलंच आहे तर जाऊ दे म्हणून त्याच रात्री अजून दोन तास जायचे. लाजेने माझी सवय वाढली, कमी नाही झाली. इथे आकडा नाही, ओरडा नाही, पान उघडत नाही बस. आणि खरं सांगू का, बऱ्याचदा इच्छा वगैरे नसतेच, झोप येत नसते, एकटं वाटत असतं आणि बोट आपोआप तिकडे जातं, तेव्हा पान उघडलं नाही की निम्म्या वेळा तरी मी फोन बाजूला ठेवतो. बाकीच्या वेळा नाही ठेवत, तेही खरं.

कमी कुठे पडतं? फीडमध्ये. डीएनएसला फक्त डोमेन, म्हणजे साइटचं नाव दिसतं, रेडिट, टेलिग्राम, एक्सच्या आत काय चाललंय ते नाही, आणि एक्सने तर २०२४ मध्ये अडल्ट पोस्टना नियमातच परवानगी दिली. इंग्लंडच्या चिल्ड्रन्स कमिशनरच्या २०२३ च्या रिपोर्टमध्ये १६ ते २१ वयाच्या मुलामुलींना पॉर्न कुठे दिसलं विचारलं होतं, तर ट्विटर (आताचं एक्स) ४१ टक्के आणि खास पॉर्न साइट ३७! माझंही तसंच झालं, पहिल्यांदा मी शोधायला गेलोच नव्हतो, मित्रांच्या ग्रुपवर क्लिप आली आणि सगळ्यांनी बघितली म्हणून मीही बघितली. हे कुठला डीएनएस अडवणार.

शिवाय व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं अ‍ॅप) लावला किंवा ब्राउझरमध्ये दुसरा डीएनएस निवडला की हा बाजूला पडतो, पासवर्डही नाही, कधीही बंद करता येतं. सुरुवातीला क्लाउडफ्लेअरने एलजीबीटी माहितीच्या साइटही चुकून अडवल्या होत्या, मग माफी मागून दुरुस्त केलं, ते मला आवडलं.

कामावर, नात्यावर परिणाम होत असेल तर मात्र नुसत्या फिल्टरवर राहू नका, काउन्सेलरकडे जा. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये लैंगिक वागण्यावर ताबा न राहण्याच्या त्रासाची रीतसर नोंद आहे, लाजायचं काही नाही.

पाचपैकी साडेतीन. एक्स मी फोनवरून काढून टाकलंय, त्या ग्रुपमधूनही बाहेर पडलो, तेव्हापासून याचा उपयोग जास्त जाणवतोय.