ग्रोमॅक्स: वेगाचं सगळे सांगतात, मी चेकपॉइंटचं सांगतो

परवा रात्री लाईट गेली आणि यूपीएसनं मिनिटभरही दम धरला नाही. पावसाळ्यात आमच्या कोल्हापुरात लाईटीचा भरवसा तसाही नसतोच. राजारामपुरीतला दुकानदार म्हणाला, "बॅटरी वॉरंटीत येत न्हाई सर, नवीन टाका की." नाही टाकणार. ग्रोमॅक्स, म्हणजे रेणूंची हालचाल कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि माझं काम त्यानं वाचवलंय, मग बॅटरीवर पैसे का घालू?

ग्राफिक्स कार्डावर ते किती पळतं यावर भरपूर लिहून झालंय, ते सोडा. माझं काम चॅनेलरोडॉप्सिनवर, म्हणजे उजेडानं उघडून आयन आरपार सोडणाऱ्या प्रोटीनांवर. त्यातलं २०२२ मध्ये समोर आलेलं एचसीकेसीआर१ उजेड पडला की उघडतं आणि सोडियमपेक्षा पोटॅशियमला कितीतरी जास्त वाट देतं, तेही नेहमीच्या पोटॅशियम चॅनेलमधली गाळणी अंगात नसताना! हे कसं जमतं ते बघायचं तर हिशेबाचं एकेक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं, म्हणजे एका नॅनोसेकंदाला ५ लाख पावलं. असला रन चालू असताना लाईट गेली की पोटात गोळाच येतो.

पण एमडीरन, म्हणजे ग्रोमॅक्समधला रन चालवणारा भाग, दर १५ मिनिटांनी सीपीटी फाईल, म्हणजे चेकपॉइंट (रन कुठवर आला त्याची नोंद), लिहून ठेवतो, आधीचीही जपतो. लिहिता लिहिताच लाईट गेली तरी एक शाबूत राहते. मी मायनस सीपीटी ५ केलंय, म्हणजे दर ५ मिनिटांनी. परत सुरू करताना मायनस सीपीआय दिलं की गाडी तिथूनच पुढं, जुन्याच फाईलला जोडून. बाकी काही नसतं तरी एवढ्यावर मी पाच तारे दिले असते.

दिले मात्र तीनच होते, रेटिनलमुळं, म्हणजे या प्रोटीनातल्या उजेड टिपणाऱ्या रेणूमुळं. लायसिन या अमिनो आम्लाला चिकटलेलं रेटिनल नेहमीच्या यादीत नाही, त्यामुळं प्रोटीनची रचना ग्रोमॅक्ससाठी तयार करणारं पीडीबी-टू-जीएमएक्स पहिल्याच पायरीला अडतं. सगळं हातानं भरा. वर उजेडावर चालणारं प्रोटीन, आणि साध्या फोर्स फील्डमध्ये (अणूंमधल्या ओढाताणीच्या सूत्रांमध्ये) दिवा लावायची सोयच नाही. रेटिनल १३-सिस, म्हणजे उजेड पडल्यावरच्या वाकलेल्या रूपात, करून आपणच बसवायचं. पण हा दोष फोर्स फील्डचा, ग्रोमॅक्सवर कशाला ढकलू? म्हणून एक तारा परत. सोडियम-पोटॅशियममधला बारीक फरकही अणूंवर ठरावीक विद्युतभार धरून केलेल्या हिशेबात कितपत खरा उतरतो, ही धाकधूक आहेच.

पाचवा तारा अडवलाय तो वेगळ्याच कारणानं. डिस्क भरली म्हणून लॅबमधल्या पोरानं जुनी एक्सटीसी (अणूंच्या हालचालीची नोंद असलेली फाईल) हलवली, तर एमडीरन हटूनच बसला: फाईल नाही, जोडणार नाही. मायनस नोअपेंड (जोडू नको, वेगळ्या फाईलमध्ये लिही) लावल्यावर हलला, आणि आता तुकडे जोडत बसलोय मी.