यूपीएस आणि त्याची विसरलेली केबल: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

वीज अचानक गेल्याने माझे पहिले मोठे नुकसान झाले ते हाती असलेल्या फाइलचे नव्हे, तर त्या वेळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरत असलेल्या बॅकअपचे. संगणक पुन्हा सुरू झाला, विंडोजने डिस्क तपासून सारे ठीक असल्याचे सांगितले; परंतु काही फाइली नावापुरत्याच उरल्या होत्या, उघडल्या तर आत काहीच नव्हते. विंडोजच्या एनटीएफएससारखी फाइल प्रणाली (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) आपल्या नोंदींच्या आधारे फाइलींची मांडणी पूर्ववत करू शकते, पण कॅशमध्येच, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातच, राहून गेलेला आणि डिस्कवर कधी लिहिलाच न गेलेला मजकूर तिला परत आणता येत नाही. हे कळल्यावर मी ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) एक साधा लाइन-इंटरॅक्टिव्ह (विद्युतदाब स्वतः सावरणारा) यूपीएस, म्हणजे वीज गेली की काही वेळ बॅटरीवर संगणक चालू ठेवणारे यंत्र, घेतला आणि गेले अकरा महिने तो वापरतो आहे.

घेताना माझी समजूत अशी होती की वीज गेल्यावर तासभर तरी काम करता येईल. वास्तविक ६०० हा आकडा व्हीएचा असून वॉटमध्ये या यंत्राची क्षमता ३६० आहे, आणि तो आकडा मागच्या लेबलावर बारीक अक्षरांत छापलेला आहे. त्याहून फसवा हिशेब बॅटरीचा. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी आहे. गुणाकार केला तर ८४ वॉट-अवर होतात, म्हणजे माझ्या १२० वॉटच्या भारावर चाळीस मिनिटे मिळावीत. प्रत्यक्षात मिळाली १२. बॅटरीची क्षमता ती २० तासांत सावकाश रिकामी होईल असे धरून सांगितलेली असते, आणि माझा संगणक व मॉनिटर मिळून तिच्यातून १० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतात. इतक्या घाईने उपसा केला की बॅटरी हात आखडता घेते, शिवाय काही ऊर्जा रूपांतरातच खर्ची पडते.

पहिल्यांदा वीज गेली तेव्हा मात्र या १२ मिनिटांचाही उपयोग झाला नाही. यूपीएसच्या मागे दोन प्रकारची सॉकेट आहेत, काही बॅटरीवर चालणारी आणि काही केवळ विजेच्या झटक्यापासून संरक्षण देणारी. मी मॉनिटर नेमका दुसऱ्या प्रकारच्या सॉकेटला जोडला होता. संगणकाचा पंखा व्यवस्थित फिरतो आहे, यूपीएस बीप-बीप करतो आहे आणि समोर काळा पडदा, अशा स्थितीत मी अंदाजाने कंट्रोल आणि एस दाबून फाइल जतन केली. चूक सर्वस्वी माझी होती.

याहून मोठी चूक लक्षात यायला दोन महिने गेले. यूपीएससोबत आलेली यूएसबी केबल मी खोक्यातच ठेवली होती, कारण ती कशासाठी आहे याचा विचारच केला नव्हता. मग एकदा मी घरात नसताना वीज गेली, बॅटरी संपली आणि संगणक पूर्वीसारखाच धाडकन बंद पडला, फक्त १२ मिनिटे उशिरा. केबल जोडताच विंडोजने यूपीएसला लॅपटॉपच्या बॅटरीसारखे ओळखले आणि चार्ज किती उरला असता काय करायचे हे पॉवर ऑप्शन्समध्ये ठरवता आले. (लिनक्सवर हेच काम नेटवर्क यूपीएस टूल्स करते.) मी स्लीप न निवडता हायबरनेट निवडले, कारण स्लीपमध्ये उघडलेले काम रॅममध्येच राहते आणि बॅटरी संपताच नाहीसे होते, तर हायबरनेटमध्ये ते डिस्कवर लिहिले जाते. हायबरनेट सुरू होण्याची चार्जची पातळी मात्र सढळ हाताने ठेवावी. १० टक्क्यांवर ठेवल्यास लिहिणे पूर्ण होण्याआधीच बॅटरी मान टाकू शकते, म्हणून मी ती ४० टक्क्यांवर ठेवली. त्यासोबत बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर संगणक आपोआप सुरू होऊ नये अशी व्यवस्था केली, कारण परतलेली वीज पुष्कळदा लगेच पुन्हा जाते. तेव्हापासून माझ्या गैरहजेरीत तीनदा वीज गेली आणि तिन्ही वेळा सारे जिथल्या तिथे सापडले.

बॅटरीवर जाण्यास या यंत्राला ४ ते ८ मिलिसेकंद लागतात. संगणकाचा पॉवर सप्लाय साधारण १६ मिलिसेकंद तग धरत असल्याने हा खंड जाणवत नाही. विद्युतदाब थोडा खाली आला तर यूपीएस बॅटरीला हात न लावता तो वर उचलतो. त्या वेळी रिलेचा टक् असा आवाज येतो, एवढेच. मात्र बॅटरीवर असताना येणारी वीज शुद्ध साइन वेव्ह (गुळगुळीत लाट) नसून पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि ॲक्टिव्ह पीएफसी (विजेचा ओढा सुरळीत करणारे सर्किट) असलेले काही पॉवर सप्लाय तिच्यावर कुरकुरतात किंवा सरळ बंद पडतात. माझा चालतो. पुढचा यूपीएस मात्र मी शुद्ध साइन वेव्हचाच घेईन.

लेझर प्रिंटर बॅटरीच्या सॉकेटला चुकूनही जोडू नये, कारण तो तापताना एकदम मोठा भार टाकतो. उलट राउटर अवश्य जोडावा; त्याचा भार नगण्य असतो.

बॅटरी किती वेळ चालते हे पाहण्यासाठी दर महिन्याला मी सगळी कामे जतन करून भिंतीवरचे बटण बंद करतो, प्लग उपसत नाही, म्हणजे अर्थिंग तुटत नाही. अकराव्या महिन्यात वेळ १२ वरून १० मिनिटांवर आली आहे. अशी बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षे टिकते, पण उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून यूपीएस टेबलाखालच्या बंद कप्प्यातून काढून मोकळ्या जागी ठेवला आहे. वेळ ६ मिनिटांवर आली की बॅटरी बदलायची, असे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती त्याच्यावर चिकटवली आहे.