महिनोन्महिने बंद राहणाऱ्या गाडीसाठी स्वयंचलित बॅटरी चार्जर

गेल्या दिवाळीत मुलीकडून परतलो तेव्हा कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार महिने उभ्या असलेल्या गाडीचे डॅशबोर्डवरील दिवेसुद्धा लागले नाहीत. मल्टिमीटरने बॅटरीचे व्होल्टेज 6.8 दाखवले, पूर्ण भरलेल्या बॅटरीत ते 12.6च्या आसपास असते. त्यानंतर 12 व्होल्ट, 4 अँपिअरचा हा स्वयंचलित चार्जर घेतला आणि आता त्याला वर्ष होत आले आहे.

पहिल्याच रात्री त्याने निराश केले. बॅटरी फारच उतरलेली असल्याने, चिमटे बरोबर लावूनही लाल दिवा लुकलुकत राहिला. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबलने काही मिनिटे जोड दिल्यावरच चार्जिंग सुरू झाले. ही अडचण माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नाही. मात्र एकदा सुरू झाल्यावर व्होल्टेज 14.4पर्यंत चढले, मग विद्युतप्रवाह आपोआप कमी होत गेला आणि सकाळी हिरवा दिवा लागलेला होता. बॅटरी सावरली, तरी पूर्वीचा दम तिच्यात राहिलेला नाही, आणि त्याचा दोष चार्जरला देता येणार नाही.

पूर्वी आम्ही वॉचमनकाकांना आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करायला सांगत असू. त्याने फायद्यापेक्षा तोटाच होतो, कारण सुरू करताना खर्च झालेली वीज एवढ्या वेळात नीट भरून निघत नाही आणि इंजिन पुरते तापत नसल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचते. यंदा पावसाळ्यात जाताना निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवले आणि शेजाऱ्यांनी महिन्यातून एक रात्र चार्जर लावला. तो कायम जोडून ठेवता येतो असे कंपनी म्हणते, पण ओल येणाऱ्या पार्किंगमध्ये तेवढे धाडस मला झाले नाही. परतल्यावर व्होल्टेज 12.4 होते आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

अर्थात हा चार्जर फक्त बॅटरीपुरता आहे. गेल्या वर्षी ओढून ठेवलेला हँडब्रेक मागच्या चाकांना चिकटून बसला होता, म्हणून यंदा गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावली. टायरमध्ये हवा मात्र भरावीच लागली.

खरी तक्रार वायरीची आहे. ती इतकी आखूड आहे की खांबावरच्या प्लगपासून बॉनेटपर्यंत एक्स्टेन्शन बोर्ड लागतोच, आणि तो प्लग सोसायटीच्या सामाईक मीटरवर असल्याने आधी सेक्रेटरींची परवानगीही घ्यावी लागली.