अंदमान, फक्त दोघांसाठी: तिथल्याच मुलीने आखून दिलेली सहल

लेकीचं लग्न झालं आणि बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघंच कुठेतरी जायचं म्हटलं. ह्यांची नोकरी पोस्टातली, एलटीसी म्हणजे सरकारी प्रवास सवलत शिल्लक होती, म्हणून अंदमान. विमानाची तिकिटं नियमाप्रमाणे आयआरसीटीसीवरून आम्हीच काढली. प्रश्न होता तो बेटांवर काय करायचं याचा. सांगली-कोल्हापूरकडची बरीच पत्रकं चाळली. जोडप्यांसाठी म्हणून जे देतात ते सगळीकडे एकच: पलंगावर फुलं, एक केक, एक कँडल लाइट डिनर आणि उरलेल्या वेळात ठासून भरलेले ‘पॉइंट’. शेवटी भाच्याच्या ओळखीने श्रीविजयपुरमची, म्हणजे आपल्या पोर्ट ब्लेअरची, सहली आखून देणारी एक मुलगी मिळाली. नवरा-बायको मिळून घरूनच हा व्यवसाय करतात, म्हणून नाव-नंबर इथे जाहीर टाकत नाही. कामाबद्दल मात्र लिहायलाच हवं.

पहिल्याच फोनवर तिने बजेट विचारलं नाही. विचारलं ते हे: बोट लागते का? पोहता येतं का? पहाटे उठायची सवय आहे का? मासे खाता का? दोघांपैकी पाण्याला कोण घाबरतं? (हे घाबरतात.) मग म्हणाली, ‘दीदी, कल बताती हूँ, टाइड देखके।’ भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून सहल आखणारं माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटलं.

तिच्या आखणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे क्रम. बहुतेक ठिकाणी आधी सेल्युलर जेल आणि शहर, मग बेटं, आणि बेटावरून परतलं की लगेच विमान. तिने उलटं केलं. आधी हॅवलॉक, मग नील, शेवटी शहर. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि विमानाच्या आदल्या दिवशी तुम्ही नीलवर अडकलात तर तिकीट बुडालंच. दुसरं कारण मला माहीतच नव्हतं. स्कूबा डायव्हिंग केल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून साधारण अठरा ते चोवीस तास मध्ये ठेवतात. बेटं आधी उरकली की दोन्ही काळज्या एकदम मिटतात.

हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण जेटीवर सगळे हॅवलॉकच म्हणतात. गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, आणि किनारे नंबराने ओळखायचे: तीन, पाच, सात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं इथे वसवली गेली, त्यामुळे बाजारातल्या साध्या खाणावळीतही माशाचा झोल आणि भात उत्तम मिळतो. आमची खोली पाच नंबरला, विजयनगरला होती. ओहोटीला तिथलं पाणी इतकं मागे जातं की होड्या चिखलात कलंडून पडलेल्या दिसतात. भर ओहोटीला आलेला माणूस ‘हाच का तो समुद्र?’ म्हणून हिरमुसतो. तिने तेवढ्या वेळात आम्हाला खाणावळीत धाडलं होतं आणि भरतीला किनाऱ्यावर.

सूर्याचं गणितही असंच. घड्याळ आपलंच, पण ही बेटं आपल्या प्रमाणवेळेच्या रेषेच्या दहा अंश पूर्वेला, म्हणजे चाळीस मिनिटं पुढे. जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला दिवस संपतो. ‘संध्याकाळी राधानगर’ असं पत्रकात वाचून पाच वाजता निघालेली माणसं अंधारात पोचतात. आम्ही साडेतीनलाच तिथे होतो. मागे उंच झाडांचं जंगल, पुढे पिठासारखी वाळू. २०२० मध्ये या किनाऱ्याला ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, आणि स्वच्छता खरोखर तशी आहे. ह्यांनी चपला हातात घेतल्या आणि आम्ही टोकापर्यंत चालत गेलो. त्या दिवशी दुसरं काहीही ठेवलेलं नव्हतं, आणि ते मुद्दाम होतं.

एलिफंट बीचची सकाळ मात्र मी विसरणार नाही. तिने ह्यांना आधीच फोनवर समजावलं होतं की पोहता येत नसलं तरी चालतं. रबरी रिंगला धरून पालथं पडायचं, गाइड ओढत नेतो, आपण फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. मास्क घातल्यावर ह्यांनी दोनदा मान वर काढली. तिसऱ्यांदा काढलीच नाही. गाइडने हळूहळू प्रवाळाच्या वर नेलं, आणि मला बाजूने फक्त ह्यांचं बोट दिसत होतं: इकडे बघ, तिकडे बघ. पिवळे-काळे पट्टे असलेले मासे बोटाच्या अंतरावरून जात होते. लग्नाच्या इतक्या वर्षांत हा माणूस इतका हरखलेला मी क्वचितच पाहिला आहे.

नीलवर भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट आणि ओहोटीला खडकांतून चालत जाऊन पाहिलेला नैसर्गिक दगडी पूल, एवढंच केलं. बस झालं. तिथून परत येताना तिने सरकारी बोट दिली. खाजगी बोट वेगवान, पण बहुतेक बोटींत बंद एसी केबिनमध्ये बसून राहावं लागतं; सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. उडते मासे आम्ही तिथूनच पाहिले.

सेल्युलर जेलसाठी तिने अख्खी दुपार मोकळी ठेवली होती आणि त्याबद्दल तिचे आभार मानावेत तेवढे थोडे. मधल्या मनोऱ्यापासून फाकलेल्या इमारतींच्या सात पाकळ्यांपैकी तीनच उरल्या आहेत. एका पाकळीच्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. दाराची कडी भिंतीत दूरवर नेऊन खोबणीत अडकवलेली, आतून हात पोचूच नये म्हणून. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथेच होते. सावरकरांच्या कोठडीशी आम्ही बराच वेळ थांबलो, कुणी घाई केली नाही. रात्रीचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम दिवसा कोठड्या पाहूनच बघावा.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा मी विचारल्या होत्या. पहाटे तीनला निघून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्याने जावं लागतं. तिने सरळ सांगितलं की ती ते विकत नाही. मला ते पटलं.

तक्रारी दोन. नीलवरचं हॉटेल फोटोतल्यासारखं नव्हतं, वीज गेली की जनरेटर फक्त रात्रीच. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी खोली बदलून मिळाली आणि पैसेही कमी घेतले, पण तिने ते हॉटेल यादीतून काढायला हवं. दुसरं, सगळी माहिती व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांत, त्यातही निम्मी आवाजी संदेशांत. बेटांवर रेंज भरवशाची नाही. बोटीच्या वेळा, गाडीवाल्याचा नंबर, हॉटेलचा पत्ता एका कागदावर लिहून द्यायला हवं. आम्ही शेवटी वहीत उतरवून घेतलं.

निम्मे पैसे आधी, निम्मे पोचल्यावर. रोख थोडी जास्त ठेवा. शिंपले किंवा मेलेलं प्रवाळसुद्धा उचलून आणू नका, विमानतळावर सामानातून काढून घेतात. आणि डिसेंबर-जानेवारीत जायचं असेल तर बोटींची तिकिटं हॉटेलच्याही आधी काढायला सांगा; खोली आयत्या वेळी मिळते, बोटीतली जागा मिळत नाही.