फायबरची डमी, टीपीई की सिलिकॉन? साडी नेसवायला माणसाएवढी बाहुली घ्यायची असेल तर

आधी माझं सांगते, म्हणजे कशावरून बोलतेय ते कळेल. इंदूरला सुदामा नगरात माझा साडी नेसवायचा क्लास आहे, नऊवारी, पाचवारी, लग्नातल्या नवऱ्या, भाद्रपदात लोकांच्या घरच्या महालक्ष्म्या, जे येईल ते. शिकणाऱ्या मुलींसमोर कोणीतरी उभं राहावं लागतं आणि तीन तास कोणी उभं राहत नाही, म्हणून बाहुली. वर्षभरात फायबरची डमी आणि शिंप्याकडे असतो तसा नुसत्या धडाचा फॉर्म विकत घेतला, टीपीईची, म्हणजे रबरासारख्या मऊ प्लास्टिकची, बाहुली महिनाभर उसनी वापरली आणि सिलिकॉनची एक दुपारभर हाताळली. टीपीईवाली एका शॉर्ट फिल्मवाल्या मुलाची, त्याने मढ्याच्या सीनसाठी घेतलेली. ती चादरीत गुंडाळून दोघं जण जिना चढत होते तेव्हा शेजारच्या काकू दारातच होत्या, अजून विचारतात कोण आजारी होतं म्हणून.

ह्या मऊ बाहुल्या मुळात सेक्स डॉल म्हणून बनतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट वजन कसं कमी करायचं आणि दिसायला खरी कशी करायची ह्यावर त्या धंद्याने जेवढं डोकं चालवलंय तेवढं आपल्या डमीवाल्यांनी कधी चालवलं नाही. जपानची ओरिएंट इंडस्ट्री ही बाहुल्यांची कंपनी १९७७ पासूनची, कॅलिफोर्नियात मॅट मॅकमलेनने १९९०च्या दशकात सिलिकॉनची बाहुली काढली, मग चीनच्या कारखान्यांनी स्वस्तातलं टीपीई आणलं. त्यामुळे बुटीक असो, फोटोचं काम असो की शूटिंगचा प्रॉप, तुलना फिरून ह्यांच्याशीच येते.

सगळ्यात आधी वजन. माझी फायबरची डमी ९ किलोची, एका काखेत मारून गच्चीवर नेते. उसनी टीपीईवाली १५८ सेंटीमीटर उंच आणि काट्यावर ३१ किलो. भरलेला गॅस सिलिंडर पण तीस किलोच्याच आसपास असतो, पण त्याला वर धरायला कडी असते आणि तो उचलताना मधेच कमरेतून वाकत नाही. ही वाकते, मान मागे पडते, हात दाराच्या चौकटीत अडकतो, आणि दुसऱ्या दिवशी आपली कंबर धरते. जड का, तर फायबरची आतून पोकळ असते, नुसतं कवच, आणि ही आत लोखंडी सांगाडा घालून भोवती सगळं रबर भरून ओतलेली. टीपीई पाण्यापेक्षा थोडं हलकं असतं, सिलिकॉन पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणजे त्याच साच्यात सिलिकॉन ओतलं तर बाहुली आणखी जड होणार. दुकानदार हे सांगत नाहीत, फोटो दाखवतात.

वजन उतरवायचे जे उपाय बघितले त्यात मला पटलेला एक म्हणजे फोमचा गाभा. मांड्या, पोट, पाठ इथे सांगाड्याभोवती हलका फोम आणि वरून दोन-तीन सेंटीमीटर मऊ कातडी, वजन बरंच खाली येतं आणि हाताला फरक फार जाणवत नाही. पण फोम आणि कातडीची पकड सुटली की आत पोकळ खिसा तयार होतो आणि बसवल्यावर तिथे सुरकुती पडते, म्हणून घेताना गुडघा आणि कंबर चार-पाच वेळा वाकवून बघा. दुसरा उपाय उंचीचा. उंची थोडीच कमी केली तरी वजन भराभर उतरतं, कारण लांबी, रुंदी, जाडी तिन्ही एकदम कमी होतात, १६० ची १५० केली तर त्याच घडणीची बाहुली जवळजवळ १८ टक्के हलकी. आणि तसंही आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची १५२ च्या आसपासच आहे, फायबरच्या डम्या मात्र पावणेसहा फुटी, मॉडेलच्या मापाच्या, त्यांना नेसवलेली साडी बघून शिकलेली मुलगी खऱ्या नवरीला नेसवायला गेली की निऱ्या जमिनीवर लोळतात. सांगाड्याला पोकळ नळ्या किंवा अॅल्युमिनियम वापरतात तो तिसरा उपाय, त्याने थोडा फरक पडतो, पण खरं वजन रबरात असतं, हाडात नाही.

खरं सांगू का, हे सगळं बघताना मला आमच्या आईची महालक्ष्मीची कोठी आठवत होती. पत्र्याची, आतून रिकामी, वर मुखवटा, कापूस भरलेले हात, आणि साडी नेसवून दागिने घातले की घरात साक्षात दोन बायका उभ्या. लहानपणी मी रात्री पाणी प्यायला उठले की तिकडे बघायची नाही. जिथे नजर जाते तेवढंच खरं केलेलं, बाकी नुसतं रिकामं. नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डालने, म्हणजे मूळच्या खेळणीवाल्याने, १९६० साली सीपीआर शिकवायची अॅन बाहुली केली तिथेही तेच, छाती दाबली जावी आणि तोंडातून हवा जावी एवढं नीट जमवलं, बाकी अंग बाहुलीचंच. म्हणून घ्यायच्या आधी स्वतःला विचारा की तुम्हाला नक्की कुठे खरं हवंय. मला हात, मान आणि कंबर. पायाचा अंगठा खरा दिसला काय आणि नाही दिसला काय.

आता कापडाचं, माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा मुद्दा. टीपीई मऊ राहावं म्हणून त्यात तेल मिसळलेलं असतं आणि ते हळूहळू बाहेर येत राहतं. मला हे माहीत नव्हतं. एका गिऱ्हाइकाची माहेश्वरी रात्रभर तिच्या अंगावर राहिली आणि सकाळी खांद्यापाशी रेशमावर तेलकट डाग, ड्रायक्लीनवाल्याने दोन फेऱ्यांत काढला, पण माझा जीव टांगणीला लागला होता. वरून टाल्कम पावडर लावायची असते, लावली, तर काळ्या ब्लाउजवर पांढरा थर. आणि उलटं पण होतं, गडद रंगाचं कापड टीपीईला रंग देतं, जांभळ्या काठाची रेघ तिच्या कमरेवर उमटली ती आजतागायत आहे, त्या मुलाला मी काय सांगितलं ते विचारू नका. सिलिकॉन ह्यात खूप बरं, तेल सोडत नाही, डाग कमी धरतं, उन्हाळा सोसतं. इंदूरला मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय तापतं ते माहीत आहेच, तिथे टीपीई आणखी मऊ पडतं आणि एकाच बाजूवर ठेवलं तर चपटं होतं, म्हणून मानेच्या बोल्टला हुक लावून टांगून ठेवतात. ते दृश्य घरात लहान मुलं असतील तर नकोच.

पिना मात्र दोन्हीत टोचायच्या नाहीत, भोक पडतं आणि ते फाटत जातं. टीपीई फाटलं तर तापवून परत जोडता येतं, सिलिकॉनला सिलिकॉनचाच गोंद लागतो, दुसरं काही त्याला चिकटतच नाही. पिना टोचायच्या असतील तर कापड लावलेला धडाचा फॉर्म सगळ्यात छान, हलका, स्वस्त, पण त्याला पाय नाहीत, म्हणजे नऊवारीचा विषयच संपला.

नऊवारीसाठी फायबर घेणार असाल तर एक गोष्ट दुकानात वाकून बघायची, दांडा कुठे आहे. पुष्कळ डम्यांना काचेच्या स्टँडचा दांडा पोटरीत जातो, कासोटा मागे नेला की तो नेमका त्या दांड्यावर येतो आणि सगळी चापून-चोपून बसवलेली घडी फुगते. तळव्यात दांडा असलेली घ्या, आणि पाय एकमेकांपासून लांब असलेली, चिकटलेल्या पायांतून कापड कसं नेणार? मी शीतलामाता बाजारातून पहिली घेतली तेव्हा फक्त चेहरा बघितला होता. टीपीईवालीचे पाय हवे तसे फाकतात, पाटावर पण बसते, पण उभी राहायला तळव्यात बोल्ट असलेला प्रकार मागून घ्यावा लागतो, नाहीतर ती भिंतीला टेकूनच उभी.

चेहऱ्याबद्दल थोडक्यात. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी प्रोफेसरने १९७० मधेच लिहून ठेवलंय की बाहुली माणसासारखी होत होत अगदी जवळ आली की आवडायच्या ऐवजी अंगावर येते. दुपारभर हाताळलेल्या सिलिकॉनच्या चेहऱ्याचं तेच झालं, भुवया एकेक केस रोवलेल्या, ओठावर बारीक रेषा, आणि डोळे कुठेच बघत नाहीत. क्लासमधल्या दोन मुली तिच्याकडे पाठ करून बसल्या. बिनचेहऱ्याची पांढरी डमी कोणाला खुपत नाही. हातांचं मात्र वेगळं, फायबरचा पंजा मनगटातून निघतो म्हणून बांगड्या घालणं सोपं, पण बोटं टवके उडून जातात. सिलिकॉनचा हात खरंच हात वाटतो, बांगडी दाबून चढते, फक्त बोटांत साधी तार असेल तर काही दिवसांनी टोकातून बाहेर येते, सांध्यांचा सांगाडा असलेली बोटं मागा.

भावाचं म्हणाल तर मला फायबरची साडेचार हजारात पडली, टीपीईला लाखाच्या आसपास सांगितलं आणि सिलिकॉनला त्याच्या दुप्पट-तिप्पट. बाहेरून मागवायची असेल तर कस्टम्सची भानगड वेगळी. १९६४ च्या नोटिफिकेशनखाली अश्लील म्हणून माल अडवतात, मार्च २०२४ मधे असेच अश्लील म्हणून अडवलेल्या बॉडी मसाजरच्या केसमधे मुंबई हायकोर्टाने कस्टम्सच्या विरोधात निकाल दिला खरा, पण तो बाहुलीवर नव्हता. पार्सल अडकलं तर तुम्ही साडीचा क्लास घेता हे अधिकाऱ्याला पटवत बसायचं, मला तरी ते जमणार नाही.

तर माझ्या मते नुसतं शोकेस असेल तर फायबर, फार विचार करू नका. ब्लाउज शिवत असाल तर धडाचा फॉर्म. शूटिंगला हातपाय हलणारं, बसणारं हवं आणि उचलायला दोन माणसं असतील तर फोमचा गाभा असलेली टीपीई, पण भाड्याने. सिलिकॉन पैसे असतील तर आणि रेशीम रोज अंगावर राहणार असेल तर. घरात एकटी बाई काम करणारी असेल तर तीस किलोच्या भानगडीत पडूच नका.

मी शेवटी इथल्याच एका डमी बनवणाऱ्याकडून पाच फुटी पोकळ फायबरची करवून घेतली, पाय फाकलेले, दांडा तळव्यात, चेहरा कोरा, आणि कोपरापासून पुढे सिलिकॉनचे हात. फायबरला सिलिकॉन चिकटेना म्हणून त्याने आतून बोल्ट दिला, जोड कोपराच्या जरा खाली येतो, लांब बाहीच्या ब्लाउजमधे दिसत नाही, आखूड बाही असेल तेव्हा मी त्यावर वाकी बांधते.